पाळण्याखालचे खांब

ओहोटी लागली की ठोक्या कामाला लागायचा. पाणी मागं सरलं रे सरलं की गमबूट चढवून तो धक्क्याच्या खाली शिरायचा आणि हातोडीनं एकेका खांबाला ठोकून कान लावायचा. डोक्यावर फळ्यांचं छत, त्यावरून माणसांची वर्दळ, खेळण्यातल्या आगगाडीची घरघर आणि फटींतून टोपीवर पडणारी शेंगांची टरफलं. खाली कुणी आहे याचा वरच्यांना पत्ताही नसायचा. एखादंच पोर फटीला डोळा लावून ओरडायचं, "आई, खाली एक माणूस आहे." आई म्हणायची, "असेल. चल."

एकशे बारा खांब होते. सगळे लाकडाचे, कालवांनी आणि शेवाळानं माखलेले. लाकूड घट्ट असलं की हातोडीखाली खणखणीत वाजतं. पाणी मुरलं की आवाज बसतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. आणि किड्यानं आतून पोखरलं की खांब रिकाम्या डब्यासारखा बोलतो. ज्याचा आवाज बदलला त्याच्यावर ठोक्या खडूनं फुली मारायचा; मग तो खांब बदलायचे किंवा त्याला लोखंडी पट्टे आवळायचे. पस्तीस वर्षं त्यानं हे काम केलं. ठोक्या हे नावही त्यावरूनच पडलं. तिकीट खिडकीवरच्या बाईनं ते पहिल्यांदा ठेवलं, आणि पुढं पोरंसोरं त्याला ठोकेकाका म्हणायला लागली.

सवय अशी अंगात मुरली की बाजारातलं कलिंगड असो नाहीतर कुणाकडचं टेबल, हात आपोआप पुढं जायचा. तरुणपणी एके ठिकाणी लग्नाचं जवळजवळ जमलं होतं. मंडळी बसलेली, बोलणी रंगात आलेली, आणि यानं बोलता बोलता त्यांच्या दाराची चौकट बोटांनी वाजवली नि म्हणाला, "वाळवी आहे." होती पण. लग्न मात्र फिसकटलं. त्याची वहिनी ही गोष्ट पुढं कित्येक वर्षं हसून हसून सांगायची आणि ठोक्याही हसायचा. पुन्हा काही त्यानं लग्नाचं मनावर घेतलं नाही.

तो भावाकडं राहायचा. दादा सात वर्षांनी मोठा. आई दोघांच्या लहानपणीच गेलेली. वडील धक्क्यावर सुतारकाम करायचे. ठोक्या नऊ वर्षांचा असताना तेही साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. सोळा वर्षांच्या दादानं शाळा सोडली आणि तो आकाशपाळण्यावर कामाला लागला. तेव्हापासून ठोक्याचं आईबाप जे काही, तो दादाच. सकाळी त्याचा डबा भरायचा, सदऱ्याची बटणं लावून द्यायचा. मास्तरांनी पालकांना बोलावलं की मिसरूड न फुटलेला दादा वडिलांचा कोट घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली यायच्या. ठोक्याचं शाळेत काही जमलं नाही, तेव्हा दादानंच त्याला धक्क्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लावलं. पहिल्या दिवशी त्याला जिन्यापाशी सोडताना तो म्हणाला, "वरचं मी बघतो, खालचं तू बघ." दादाला पोहता येत नव्हतं. तो धक्क्याखाली कधी उतरला नाही.

हा धक्का मुळात बोटींसाठी बांधलेला. बोटी बंद झाल्या तेव्हा मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी तो नगरपालिकेकडून चालवायला घेतला आणि त्याच्यावर करमणुकीची बाग मांडली. बाग म्हणायची, झाड एकही नव्हतं. लाकडी घोड्यांचं चक्र, वेडेवाकडे आरसे, रिंगा टाकायचं दुकान, म्हातारीचे केस विकणारा, आणि पार टोकाला, समुद्रात, बारा डब्यांचा आकाशपाळणा.

पाळणा म्हणजे दादा आणि दादा म्हणजे पाळणा. माणसाकडं एक नजर टाकली की त्याला वजन कळायचं. एकीकडं जड माणूस बसला की समोरच्या डब्यात तेवढंच वजन बसवल्याशिवाय तो पाळणा हलवायचा नाही. एखाद्या आडव्या अंगाच्या गृहस्थाला तो मोठ्या अदबीनं म्हणायचा, "साहेब, तुम्ही या डब्यात बसा, इथं वारा छान लागतो." गृहस्थ खूश. प्रत्येक डब्याची दांडी तो स्वतःच्या हातानं लावायचा आणि लावून झाल्यावर एकदा ओढून बघायचा. बेचाळीस वर्षांत त्याच्या पाळण्यावर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी बोलायचा नाही, बाकीचे बोलायचे.

ठोक्याच्या कानाला पहिल्यांदा खटकलं ते एका मोसमाच्या आधी. टोकाच्या तीन ओळी, अठरा खांब, पाळण्याच्या बरोबर खाली. त्यातले अकरा पोकळ बोलले. त्यानं तीन दिवस तीन वेळा ठोकून बघितलं. मग हात धुऊन तो तिकीट खिडकीच्या वरच्या खोलीत मालकीणबाईंकडं गेला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खांब बदलायला काय लागेल ते विचारलं. ठोक्या म्हणाला, पाळणा उतरवल्याशिवाय त्यांना हात लावता येणार नाही. एक मोसम जाईल, कदाचित दोन.  बाई आदळआपट करणाऱ्या नव्हत्या; नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्यांनी हा पसारा एकटीनं ओढला होता. त्या म्हणाल्या, एक मोसम पाळणा बंद राहिला तर बाग पुन्हा उघडणार नाही, छत्तीस माणसं घरी बसतील. टेकू देऊन एवढा एक मोसम काढू, तोवर मी काहीतरी सोय लावते. आणि मग दाराशी आल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादांना एवढ्यात काही बोलू नका. त्यांचा हात कापेल."

ठोक्यानं जाड लाकडांचे टेकू दिले. बाकीच्यांना सांगितलं, दरवर्षीची डागडुजी. त्या अकरा खांबांवर त्यानं फुली मारली नाही.

एका मोसमाचे दोन मोसम झाले. बाईंची सोय काही लागली नाही. ठोक्या आता दिवसातून दोनदा टोकाच्या ओळी ठोकायचा आणि स्वतःची समजूत घालायचा, की टेकू धरताहेत, अजून धरताहेत. रविवार आला की त्याचा जीव टांगणीला लागायचा. दादाची मुलगी दोन तासांवरच्या गावात दिलेली. रविवारी ती तिच्या पाच वर्षांच्या छोटीला घेऊन यायची, आणि छोटी आली की आजोबांच्या पाळण्यात बसल्याशिवाय जायची नाही. ठोक्या तिला फितवायला बघायचा. आगगाडीत बसू, घोड्यावर बसू, आरशात तुझं नाक केवढं दिसतं बघू. पोरगी हुशार. ती आधी आगगाडीत बसायची, मग घोड्यावर, आणि मग पाळण्यात. ती वर गेली की हा जिना उतरून धक्क्याखाली जायचा आणि खांबाला पाठ लावून उभा राहायचा, जणू आपल्या पाठीनं तो धरून ठेवणार आहे. पाळण्याच्या प्रत्येक फेरीला खांब किंचित दबायचा. ते त्याला पाठीत जाणवायचं.

तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर नगरपालिकेचा करार नवा करायचा होता, त्यासाठी इंजिनीअर पाहणीला येणार असं कळलं. बाईंनी ठोक्याला बोलावलं. खोटं बोला असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांना किनाऱ्याच्या बाजूनं दाखवत न्या. पाणी साडेअकराला वळतं." ठोक्याला काय ते कळलं. टोकाशी पोचेपर्यंत भरती आलेली असणार.

इंजिनीअर निघाली पंचविशीतली मुलगी. बुटांत पाणी गेलं तरी तिनं तक्रार केली नाही. खांब मोजून, वहीत लिहून, ती नेटानं पुढं सरकत होती. ठोक्याची हातोडी बघून तिनं विचारलं, यानं कळतं? त्यानं तिला घट्ट लाकूड ऐकवलं, मुरलेलं ऐकवलं, आणि किनाऱ्याकडचा टाकून दिलेला एक पोकळ ओंडका ऐकवला. तिनं स्वतः ठोकून बघितलं आणि शाळकरी पोरीसारखी हसली. मग प्रत्येक खांब ती आधी स्वतः ठोकायची, काय असेल ते सांगायची आणि त्याच्या तोंडाकडं बघायची. ठोक्याला ही मुलगी आवडली. इतक्या वर्षांत त्याला हे काम कुणी विचारलं नव्हतं.

मग पाणी वाढलं आणि ते दोघं होडीत बसले. टोकाच्या तीन ओळी उरल्या तेव्हा तिनं घड्याळ बघितलं. लाटा होडीला खांबांवर ढकलत होत्या. ती म्हणाली, "पुढच्या तीन ओळीही अशाच आहेत ना, काका?"

हो म्हटलं की झालं होतं. वही मिटली असती आणि आणखी एक मोसम निघाला असता. तेवढ्यात वर पाळणा सुरू झाला. फळ्यांमधून दादाचा आवाज आला, नेहमीचा, कुणा पोराला पाय आत घ्यायला सांगणारा.

"नाहीत," ठोक्या म्हणाला. "अकरा पोकळ आहेत. आता तेरा झाले असतील."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

तिनं यापुढं विचारलं नाही. होडी तिकडं घ्यायला सांगितली आणि स्वतःच हातोडी उचलली. आवाज तिला ओळखता येत होते. त्यानंच आत्ता शिकवले होते.

दुपारी फाटकावर नोटीस लागली. दादानं पाळण्यातली माणसं एकेक डबा खाली आणून उतरवली, वजनाचा तोल सांभाळत, अगदी शेवटच्या माणसापर्यंत. मग ब्रेक आवळला आणि किल्ली मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.  बाई ठोक्याला एवढंच म्हणाल्या, "आदल्या दिवशी मला तरी सांगायचं होतं."

गावानं मात्र तोंड फिरवलं. हातावर पोट असलेली माणसं ती, त्यांचं तरी काय चुकलं. शेंगावाला त्याला बघून टोपली उचलून दुसरीकडं जायचा. जिनं त्याचं नाव ठेवलं ती तिकीट खिडकीवरची बाई रस्त्यात समोरून आली तर पदर सावरून पलीकडच्या बाजूला जायची. एके सकाळी घराच्या दारावर कुणीतरी खडूनं मोठी फुली मारलेली दिसली. वहिनीनं ओल्या फडक्यानं ती पुसली, फडकं पिळलं, आणि आत येऊन चहा टाकला.  दादा हल्ली कशावरच बोलायचा नाही. सकाळी सवयीनं कामाचे कपडे घालायचा आणि खाटेच्या कडेला बसून राहायचा. बेचाळीस वर्षं ब्रेकच्या दांड्यावर असलेला त्याचा उजवा हात मांडीवर मिटलेला असायचा. ठोक्याला वाटायचं, आपण त्या मुलीला सांगितलं त्याचाच हा राग. जेवताना ठोक्या मान वर करायचा नाही, लवकर उठायचा.

वाऱ्याचे दिवस यायच्या आत टोकावरचं वजन उतरवा, असा नगरपालिकेचा हुकूम आला. बाहेरगावचे कामगार आले. पण कुठला बोल्ट आधी आणि कुठला मागून, हे दादाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्याला बोलावणं आलं. खालच्या कामासाठी ठोक्याला. तेरा-चौदा दिवस दोघं भाऊ एकाच पाळण्यावर राबले, एक वर, एक खाली. दादा प्रत्येक तुकड्यावर रंगानं आकडा घालायचा, पुन्हा जोडायला सोपं जावं म्हणून. कामगार एकमेकांकडं बघायचे, पण त्याला कुणी काही म्हटलं नाही. तुकडे दोरांनी खाली सोडायचे आणि तराफ्यावर घ्यायचे. एके दिवशी मधला आस उतरवायचा होता. तो नीट बसतोय की नाही हे बघायला दादा म्हणाला, मी खाली येतो.

आयुष्यात पहिल्यांदा तो धक्क्याखाली आला. होडीत दोन्ही हातांनी कड धरून बसला होता. ठोक्यानं सावकाश वल्ही मारली. आस तराफ्यावर नीट बसला, कामगार पुढच्या दोरासाठी वर गेले, आणि खाली दोघंच राहिले. दादानं मान वर करून फळ्यांकडं बघितलं, मग खांबांकडं, मग टेकूंकडं. एका टेकूपाशी होडी आली तेव्हा त्यानं हात लावला. टेकू कालवांनी भरला होता, एकावर एक, वीतभर जाड.

"हे टेकू कधी दिले?" त्यानं विचारलं.

ठोक्यानं वल्ही पाण्याबाहेर घेतली.

"पोहता येत नसलं तरी जन्म समुद्रावर गेलाय माझा. एवढी कालवं काही चार महिन्यांत चढत नाहीत. दोन वर्षं?"

"हो."

दादानं हात काढून घेतला. तळव्याला कालवाची धार लागली होती, ती तो बघत राहिला.

"त्या मुलीला तू सांगितलंस, त्याचा मला राग नव्हता," तो म्हणाला. "मला नुसतं बोलायला सुचत नव्हतं. गावात मी सगळ्यांना सांगत होतो, माझा भाऊ खालचं बघतो, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. दोन वर्षं मी माणसं बसवली. ह्या हातांनी दांड्या लावल्या. छोटीला बसवलं. आणि तू इथं खाली उभा होतास."

ठोक्या म्हणाला, "तुझं काम गेलं असतं, दादा. मला वाटलं—"

"मला विचारायचं होतंस. दादा, काय करू, एवढं विचारायचं होतंस."

वरून कामगारांनी हाक मारली. दादानं "हां, सोडा" म्हणून उत्तर दिलं, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून उरलेले चार तुकडे उतरवले.

पाळण्याचे तुकडे नगरपालिकेच्या आवारात ताडपत्रीखाली रचून ठेवले. महिन्याभरानं दादा आणि वहिनी मुलीकडं राहायला गेले. वहिनीनं कारण सांगितलं की इथं आता बघायला काय आहे. जाताना तिनं ठोक्याला कुठल्या डब्यात काय आहे ते दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा दाखवताना तिला रडू आलं. दोन खोल्यांत तो एकटा राहिला. एका माणसापुरता भात त्याला करता येत नव्हता, रोज उरायचा.

धक्क्याचं घोंगडं भिजत पडलं. कुणी म्हणे दुरुस्त करा, कुणी म्हणे पाडा, कुणी म्हणे टोक तोडून उरलेला नुसता फिरायला ठेवा. सभा लागायची आणि पुढं जायची. तीनदा पुढं गेली.

पाच महिन्यांनी एका रविवारी ठोक्या बस पकडून दादाला भेटायला गेला. दार पुतणीनं उघडलं. लहानपणापासून ती त्याला "ये काका" म्हणायची. आता ती म्हणाली, "या काका, आत या." छोटी घरी नव्हती, मैत्रिणीकडं पाठवली होती. ठोक्यानं खाऊचा पुडा टेबलावर ठेवला.

दादा गॅलरीत बसला होता, बराच वाळला होता. तब्येतीचं झालं, हवेचं झालं. मग त्यानं सभेचं विचारलं.

"पुढच्या मंगळवारी आहे. मला बोलवलंय, खांबांचं सांगायला."

"किती चांगले आहेत?"

"ऐंशीच्या वर. किनाऱ्याकडचा धक्का अजून वीस वर्षं हलत नाही."

दादानं मान डोलवली. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली ती वळेपर्यंत तो बघत होता. "आणि कधीपासून ठाऊक होतं, ते सांगणार आहेस?"

ठोक्या याचीच वाट बघत होता, आणि घाबरतही होता. हे सांगितलं की नगरपालिकेनं तोवर खांब बघायला ठेवलं होतं ते कामही जाणार, आणि बाईंची उरलीसुरली पत जाणार, हे त्याला कळत होतं. "सांगतो," तो म्हणाला.

"मग मी येतो," दादा म्हणाला.

मंगळवारी सभागृहात दोघं शेजारी बसले. ठोक्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, ऐंशीवर खांब चांगले असल्याचं सांगितलं, टोकाचे तेरा पोकळ असल्याचं सांगितलं, आणि मग ते आपल्याला दोन वर्षं ठाऊक होतं हेही सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. इंजिनीअर मुलीनं वहीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मालकीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, थांबायला मी सांगितलं. त्या खाली बसल्या तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

बाईंचा करार स्थगित झाला. ठोक्याला घरी बसायला सांगितलं. धक्क्याचं काय करायचं, हा निर्णय पुढच्या सभेवर गेला.

दादाची बस साडेपाचची होती. दोघं थांब्यावर जाऊन उभे राहिले. खाऱ्या वाऱ्यानं दादाला खोकला आला, तेव्हा ठोक्यानं त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला, आणि त्यानं करू दिला. बस आली. दादा पायरीवर चढला, वळला, काहीतरी बोलावं असं तोंड केलं, आणि मग मागच्या माणसांना वाट द्यायला आत सरकला. खिडकीतून तो दिसला तेव्हा समोर बघत होता. बस सुटताना त्यानं काचेवर पंजा टेकवला.

ठोक्या तिथंच उभा राहिला. मग घरी जाऊन त्यानं भात टाकला. आज तो थोडा जास्तच झाला, दोघांना पुरेल इतका.